लाल दिवे : चौदा नग

सोमवार, ४ तारीख

आजपासून लिहायचं ठरवलं आहे. हौस म्हणून नाही, भीती वाटते म्हणून.

शनिवारी सकाळी मुलगी धावतपळत कामावर गेली. मी धाकट्या नातीला, ठमीला, आंघोळ घालत होतो. थोड्या वेळात घरभर जळका वास. गॅसवर दुधाचं भांडं, दूध आटून कोळसा झालेला, भांडं तळापासून काळंठिक्कर. मी दूध ठेवल्याचं मला अजिबात आठवत नाही. आणि भीती आहे ती हीच.

संध्याकाळी मुलीनं भांडं पाहिलं. तिचा चेहरा पडला. एक अक्षर बोलली नाही. घासणी घेऊन अर्धा तास भांडं घासत बसली. ती ओरडली असती, चार शब्द सुनावले असते, तर मला बरं वाटलं असतं. दादाच्या आजारपणात वहिनी अशीच गप्प झाली होती. दादा आयुष्यभर शाळेत शिकवणारा माणूस, शेवटी शेवटी चपला फ्रीजमध्ये ठेवायचा. एकदा जेवता जेवता त्यानं मला अगदी अदबीनं विचारलं, "आपण कोण?" मी त्याचा सख्खा भाऊ.

तेव्हा ही वही. रोजचं रोज, दुपारी ठमी झोपली की. कालचं आज लिहायचं नाही, कारण कालचं आज आठवेलच याची आता खात्री नाही.

मंगळवार, ५ तारीख

मुलगी निघताना एका ठोकळ्यावर पाय पडून एका पायावर दारापर्यंत उड्या मारत गेली. मी हसलो. ती नाही हसली.

दारात वळून म्हणाली, "बाबा, तुम्ही चौतीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलंत. ह्या ठोकळ्यांचं काहीतरी करा ना. दारामागच्या पिशवीत कोंबून ठेवते, पण पोरीला एक तुकडा हवा असला की सगळी पिशवी उपडी होते."

तिनं सहज म्हटलं असेल. मला ती परीक्षा वाटली. म्हाताऱ्याचं डोकं जागेवर आहे का, ते बघायला एखादं काम द्यायचं, तसं. जावई जहाजावर, अजून चार महिने यायचा नाही. दिवसभर घरात मोठं माणूस मी एकटा आणि माझ्या भरवशावर दोन नाती. मोठी सात वर्षांची; दिवसभर पूल आणि मनोरे बांधते म्हणून तिला आम्ही इंजिनियर म्हणतो. धाकटी ठमी, चौदा महिन्यांची, गोल आणि हट्टी. माझ्या हातून आणखी एक चूक झाली तर ठमी पाळणाघरात जाईल. मला कोणी काही बोलणार नाही. फक्त सगळे माझ्याशी गोड वागायला लागतील. त्याचीच धास्ती आहे.

पिशवी चादरीवर उपडी केली. ठोकळ्यांबरोबर केसांचा चाप, बाहुलीचा एक बूट, सुकलेला सफरचंदाचा तुकडा आणि घड्याळाचा चपटा सेल निघाला. पोरांनी गिळला तर जिवावर बेततं. ताबडतोब कागदात गुंडाळून टाकून दिला. या बाबतीत मी डोळ्यांत तेल घालून असतो.

गुरुवार, ७ तारीख

दोन दिवस इतके चांगले गेले की भीती मागं पडली. ठोकळे जाळीच्या पिशवीत भरून साबणाच्या पाण्यात खळबळले, टॉवेलवर पसरून पंख्याखाली वाळवले. मग वर्गवारी. मी रंगांप्रमाणे ढीग लावायला घेतले. इंजिनियर शाळेतून आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "आजोबा, चुकताय."

"काय चुकलं?"

"लाल ढिगात लाल बिजागरी कशी दिसेल? सगळंच लाल. आकाराप्रमाणे लावा. मग रंग आपोआप दिसतो."

माझ्या हाताखालच्या दोन माणसांना ही गोष्ट पटवायला मला वर्ष लागलं होतं, आणि आज मीच विसरलो! पोरीनं कान पकडला ते बरं झालं. सगळे ढीग मोडून पुन्हा लावले. विटा, पट्ट्या, उतरती छपरं, बिजागऱ्या, चाकं, खिडक्या, आणि शेवटी दिवे. दिवे म्हणजे एकाच उंचवट्याचे, मटाराएवढे गोल, पारदर्शक लाल. इंजिनियरचा जीव त्यांच्यावर. प्रत्येक गाडीला, प्रत्येक पुलाला दिवा लागतोच. प्रत्येक ढीग वेगळ्या खोक्यात भरला.

एकूण नग दोन हजार तीनशे सोळा. साठ्याच्या नोंदवहीत प्रत्येक प्रकाराला एक पान. लाल दिवे : १४. खाली सही. रोज संध्याकाळी लहान खोक्यांची मोजणी करायची. डोक्याला व्यायाम.

खोक्यांवर नावं लिहायला घेतली तर बाईसाहेबांचा हट्ट, नावं नकोत, चित्रं हवीत. ठमीला वाचता येत नाही. आत जेवढे नग तेवढी चित्रं, हा दुसरा हट्ट. विटांच्या चिठ्ठीवर तो हट्ट दहाव्या विटेला दमला. लहान खोक्यांवर मात्र एकेक नग समोर ठेवत, जीभ बाहेर काढून पुरा केला.

झाकणं सगळी काढून टाकली. पुढून उघडी खोकी, जमिनीपासून हातभर उंच फळीवर, कारण इंजिनियर फरशीवर बसून बांधते. जे जास्त लागतं ते हाताशी आणि डोळ्यांपुढं, हा स्टोअरचा पहिला नियम. दिवे सगळ्यात जास्त लागतात म्हणून ते सगळ्यात पुढं. जुनी नाडीची पिशवी घडी करून माळ्यावर टाकली.

रविवार, १० तारीख

मुलीनं फळी पाहिली आणि चक्क माझ्या गळ्यात पडली. "आई असती तर म्हणाली असती, घरच्या कपाटाला कधी हात लावला नाहीत, आणि आता हे!" दोघं पोट धरून हसलो. किती दिवसांनी.

ठमीलाही फळी आवडली आहे. तिला धरून उभी राहते आणि खोक्यांवर थपाथप हात मारते. तिची उंची आणि फळीची उंची बरोबर जुळली आहे.

मंगळवार, १२ तारीख

दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होतो, तेवढ्यात आत ठमीला जोराचा ठसका लागला. धावत आलो. तोंड लालबुंद, डोळ्यांतून पाणी, श्वास घ्यायला धडपडत होती. उचलून पाठीत थोपटलं. थोड्या वेळानं थांबलं, मग मोठ्यानं रडली, मग हसलीसुद्धा. हातात अर्धं बिस्किट होतं. यापुढं बिस्किट पाण्यात भिजवूनच द्यायचं. तेव्हा सव्वा वाजला होता.

संध्याकाळची मोजणी. बिजागऱ्या २२, बरोबर. चाकं ३६, बरोबर. लाल दिवे १३.

फळीखाली पाहिलं, सोफ्याच्या फटीत पाहिलं, केरसुणी झटकून पाहिली. मिळाला नाही.

बुधवार, १३ तारीख

तीनदा मोजले. तेरा, तेरा, तेरा.

दिवा हरवला असेल तर हरवला, त्याचं काय एवढं? पण घर काल रात्रीपासून इंच इंच शोधलं आहे. दिवा नाही. मग एकच गोष्ट उरते : चौदा कधी नव्हतेच. मी गुरुवारी चुकीचं मोजलं. चौदा वस्तू मला मोजता येत नाहीत.

इंजिनियरला सहज विचारल्यासारखं विचारलं, "तू एखादा दिवा शाळेत नेलास का गं?"

"नाही."

"मग चौदाचे तेरा कसे झाले?"

ती पूल बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "मोजायचं काम तुमचं. परत विसरलात का, आजोबा?"

परत. म्हणजे दुधाच्या भांड्याबद्दल घरात बोलणं झालेलं आहे.

हे मुलीला सांगायचं नाही. नोंदवही काढली, १४ वर आडवी रेघ मारली, बाजूला १३ लिहिलं आणि सही केली. चौतीस वर्षांत साठा जुळेना म्हणून मी कधी नोंद बदलली नव्हती. दुसऱ्यांनी बदलली तर त्यांना फैलावर घेत असे. आज बदलली, आणि बदलल्यावर वाटतंय, आज शांत झोप लागेल.

शनिवार, १६ तारीख

ठमीला खोकला आहे. डॉक्टर म्हणाले, हवा बदलली आहे, सर्दी उतरली असेल. औषध दिलं.

दुपारी तिला खांद्यावर घेऊन फिरवत होतो. तिच्या छातीतून बारीक शिट्टी ऐकू आली. एकाच बाजूनं, उजव्या. मी तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं तरी उजव्याच बाजूनं. मुलीला म्हणालो, ऐक. तेव्हा नेमकी बाहेर कसली तरी गाडी चालू होती, तिला ऐकू आलं नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मऊ आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही जरा पडा." आता कानही गेले, असं वाटलं असेल तिला. पुन्हा शिट्टीचा विषय काढला नाही.

मंगळवार, १९ तारीख

ताप १०२.

मुलीनं रजा टाकली. सकाळी तिघं डॉक्टरांकडं गेलो. आमचे नेहमीचेच, हळू बोलणारे. त्यांनी ठमीची छाती बराच वेळ तपासली. मग नळी कानांतून काढून विचारलं, "हिनं काही तोंडात घातलं होतं का? शेंगदाणा, मणी, खेळण्याचा तुकडा? कधी एकदम ठसका लागला होता?"

मुलगी माझ्याकडं वळली. दिवसभर घरात मी असतो, उत्तर माझंच.

इथं खोटं लिहून उपयोग नाही, ही वही मी स्वतःसाठी लिहितो आहे. चौदा हा आकडा माझ्या मनात आला. आला आणि मी तो परत पाठवला. म्हटलं, तुझी मोजणी चुकलेली आहे, नोंदवहीत तूच तसं सही करून लिहिलं आहेस. आता उगाच चौदा-तेराचा घोळ सांगत बसलास तर हे दोघं एकमेकांकडं बघतील. ते बघणं मला सोसणार नाही.

मी म्हणालो, "नाही. फक्त एकदा बिस्किटाचा ठसका लागला होता."

"बिस्किट विरघळतं," डॉक्टर म्हणाले, आणि पहिल्यापेक्षा कडक औषध लिहून दिलं. मुलीचा चेहरा सैल झाला. घरी येईपर्यंत माझे हात गार होते. का, ते माहीत नाही.

बुधवार, २० तारीख

ताप उतरत नाही. जेवण गेलं नाही.

गुरुवार, २१ तारीख. हॉस्पिटलच्या बाकावर, संध्याकाळ

जमेल तसं लिहितो.

रजा संपली म्हणून मुलगी आज कामावर गेली होती. ताप जरा कमी होता. ठमीला मांडीवर घेऊन फळीपुढं बसलो, तिचं मन रमावं म्हणून. खेळायची ताकद नव्हती तिच्यात. डोकं माझ्या छातीला टेकून एक बोट पुढं केलं आणि दिव्यांच्या खोक्यावरच्या चिठ्ठीवर ठेवलं. इंजिनियरनं काढलेले लाल गोल. तिनं एका गोलावरून दुसऱ्यावर बोट नेलं. मुलांबरोबर आपण करतो तसं मी सवयीनं म्हणायला लागलो, एक, दोन, तीन.

चौदा.

मी पुन्हा मोजले. चौदा गोल. शेवटचा कोपऱ्यात दाबून बसवलेला, कारण जागा संपली होती आणि बाईसाहेबांना एकही सोडायचा नव्हता.

माझी मोजणी बरोबर होती. मग दिवा कुठं आहे? ही वही उघडली. मंगळवार, १२ तारीख. ठसका आणि तेरा, एकाच पानावर, थोड्याच ओळींच्या अंतरानं, माझ्याच अक्षरात. नऊ दिवस ते तिथं लिहिलेलं आहे.

मुलीला फोन केला. "लगेच ये."

"काय झालं, बाबा? ताप वाढला?"

"ठमीच्या छातीत दिवा अडकलाय."

"काय?"

"ठोकळ्यातला लाल दिवा. बारा तारखेपासून. मी डॉक्टरांना नाही म्हणालो ते खोटं होतं."

मग ती म्हणाली, "तिला खायला-प्यायला काही देऊ नका. मी येतेय." आवाज कोरडा होता, तुटक. गाडीत ती ठमीला छातीशी धरून बसली होती. माझ्याकडं तिनं एकदाही पाहिलं नाही. मी ठमीच्या नाकापुढं बोट धरून बसलो होतो.

शुक्रवार, २२ तारीख. तोच बाक, सकाळी नऊ

इथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई काल म्हणाल्या, एक्स-रेमध्ये प्लॅस्टिक दिसत नाही. उजवं फुप्फुस वेगळं दिसतंय, पण ते नुसत्या कफानंही होतं. भूल देऊन घशातून दुर्बीण घालावी लागेल. एवढ्या लहान बाळाला, तापात, भूल द्यायची म्हणजे धोका आहेच. "म्हणून विचारते. तुमची खात्री आहे?"

मुलगी पहिल्यांदाच माझ्याकडं वळली. डोळे सुजलेले. "बाबा, तुम्हाला नक्की आठवतंय ना?"

"आठवण्याचा प्रश्न नाही," मी म्हणालो. "मोजलेत. चौदा होते, तेरा आहेत. आणि बारा तारखेला सव्वा वाजता ठसका लागला."

बाईंनी मान हलवली आणि कागद पुढं केला. मुलीनं सही केली.

आठ वाजता ठमीला आत नेलं. तिच्या हातातून माझं बोट सोडवावं लागलं. आता दार बंद आहे, वर बारीक लाल दिवा लागलेला आहे. त्याच्याकडं बघवत नाही म्हणून लिहितो आहे. माझी खात्री आहे. खात्री नसती तर बरं झालं असतं, असं वाटतंय. आत काही सापडलं नाही तर मी वेडा आणि पोरीला उगाच भूल दिली. सापडलं तर ते दहा दिवस माझ्यामुळं तिच्या छातीत होतं. कोणत्या गोष्टीसाठी हात जोडावेत ते कळत नाही. ती बाहेर येऊ दे. बाकी काही नको. मला घराबाहेर काढलं तरी चालेल, कोणी गोड वागलं तरी चालेल, ती श्वास घेत बाहेर येऊ दे.

मुलगी वही मागते आहे. आतून निरोप आलाय, बाईंना बारा तारखेचं पान हवं आहे. देतो.

सोमवार, २५ तारीख. घरी

वही तीन दिवस मुलीकडं होती. आज मिळाली.

शुक्रवारी दहा वाजता दार उघडलं. बाईंच्या हातात छोटी स्टीलची वाटी होती आणि वाटीत तो. चौदावा. लाल, चकचकीत, अगदी नवा असल्यासारखा. "बाळ ठीक आहे," त्या म्हणाल्या, "पण आणखी उशीर नको होता." मुलगी रडत होती. मी रडलो नाही. मी वाटीत बघत होतो.

काल ठमीला घरी आणलं. आज सकाळी तिनं केळं मागितलं, खाल्लं आणि अर्धं माझ्या चष्म्याला फासलं. उजवी बाजू दहा वेळा ऐकली. शिट्टी नाही.

माळ्यावरून जुनी पिशवी काढली. दोन हजार तीनशे पंधरा नग पिशवीत भरले, नाडी घट्ट ओढली, दारामागं वरच्या खुंटीला लावली. इंजिनियरनं फक्त दिव्यांच्या खोक्यावरची चिठ्ठी सोलून स्वतःच्या दप्तरात ठेवली. चौदावा दिवा मुलीनं कुठंतरी कुलपात ठेवला आहे. मी विचारलं नाही. नोंदवहीत १३ वर रेघ मारली, पुन्हा १४ लिहिलं आणि सही केली.

दुपारी मुलगी वही घेऊन माझ्यासमोर बसली. मला वाटलं, आता पाळणाघराचं निघणार. मी तयार होतो. म्हटलं, "तू म्हणशील तसं."

तिनं पहिलं पान उघडलं.

"बाबा, त्या शनिवारी दूध मी ठेवलं होतं."

मला कळेना.

"मी ठेवलं आणि उशीर झाला म्हणून तशीच पळाले. तुम्हाला सांगायलाही विसरले. संध्याकाळी भांडं पाहिलं तेव्हा आठवलं. तुम्ही आणि दोन पोरी घरात, आणि मी गॅस चालू ठेवून गेले. तुम्ही काही म्हणाला नाहीत, म्हणून मीही गप्प बसले. रात्री पोरीनं विचारलं, भांडं कोणी जाळलं. मी म्हटलं, आजोबा विसरले असतील."

मी तिचा हात धरला. ती माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली, लहानपणी रडायची तशी. मी थोपटत राहिलो. म्हणालो, जाऊ दे, झालं ते झालं, पोर सुखरूप आहे. ते खरंच आहे. तिच्यावर मला कणभरही राग नाही.

उद्यापासून ती कामावर जाणार. ठमी माझ्याकडंच. "मी सगळं वाचलंय," ती म्हणाली, "तरी तुमच्याकडंच." मी नको म्हणालो. तिनं ऐकलं नाही.

आता एकटा बसून लिहितो आहे. तीन आठवडे ज्याची धास्ती घेतली होती ते नव्हतंच. दूध मी ठेवलं नव्हतं, मोजणी चुकली नव्हती, शिट्टी खरी होती. डोकं जागेवर आहे, चांगलं शाबूत आहे. म्हणजे त्या दिवशी डॉक्टरांना नाही म्हणालो, ते याच शाबूत डोक्यानं.

ठमी आत झोपली आहे. एवढं लिहीपर्यंत तीनदा उठून तिच्या नाकापुढं बोट धरून आलो. आता पुन्हा जातो.